आतल्या बाजूचा डाग

१

बोटीवर राहणाऱ्याचं अर्धं आयुष्य पुसण्यात जातं. हे आधी कोणी सांगत नाही, बोट विकणारा तर नाहीच नाही. तो सूर्यास्त दाखवतो, पाण्यावरचे बगळे दाखवतो, आणि आपण भुलतो. ह्यांनी नोकरी संपल्यावर ही जुनी लाकडी बोट घेतली तेव्हा मी कितीतरी दिवस तोंड फुगवून होते. मग एके दिवशी टेप घेऊन खिडक्यांची मापं घ्यायला बसले. जन्मभर दुसऱ्यांचे पडदे शिवले, आता स्वतःच्या घराचे बाहेरून शिवून आणू की काय!

जाड सुती कापड, मागे अस्तर, दोरी ओढली की घड्या पडत वर जाणारे. रंग साईचा. हे म्हणाले, "याच्यावर बुरशी दिसेल हं."

"दिसलीच पाहिजे," मी म्हटलं. "न दिसणारी घेऊन काय करू?"

ह्यांना जाऊन आता वर्ष उलटलंय. गेले ते किनाऱ्यावर, रुग्णालयाच्या स्वच्छ पांढऱ्या खोलीत, माझा हात हातात धरून. बोटीवर मी एकटी राहते. ताई मला वेडी म्हणते, लेक हट्टी म्हणते, आणि मी दोघींना होय म्हणते, कारण वाद घालायलाही माणूस समोर लागतं.

एके दिवशी लेकीचा फोन आला. बाळाची छाती नाजूक आहे, जन्मापासूनच. नातवाला मी एकदाच मांडीवर घेतलंय.

"आई, त्याला घेऊन तुझ्याकडे यायचं फार मनात आहे गं. पण डॉक्टर म्हणाले ओल चालणार नाही, आणि बुरशी तर अजिबातच नाही. तुझे ते पडदे..."

"धुते," मी म्हटलं.

"काढूनच टाक ना."

"तुझ्या बाबांची बोट उघडी ठेवू? धुते म्हटलं ना!"

फोन ठेवला आणि मला एकदम हुरूप आला. बाळ येणार. पुढच्या केबिनमध्ये त्याला निजवायचं, म्हणजे पाण्याचा आवाज ऐकत झोपेल, इथपर्यंत मी मनात मांडून ठेवलं.

२

बुरशी काढायची एक रीत आहे. पडदा आधी बाहेर न्यायचा. आतच झटकला तर ती भुकटी सगळ्या बोटीत पसरते आणि चार पडद्यांची बुरशी चाळीस ठिकाणी उगवते. डेकवर वाऱ्याकडे पाठ करून बसायचं, मऊ ब्रशने कोरडीच झाडायची. मग व्हिनेगर आणि पाणी फडक्यावर घेऊन नुसतं टिपायचं. घासायचं नाही, भिजवायचं तर मुळीच नाही, नाहीतर अस्तर आखडतं. शेवटी उन्हात आडवा पसरायचा, आणि पुरता वाळल्याशिवाय गुंडाळायचा नाही. ब्लीच लावणाऱ्यांचा मला राग येतो. डाग जातो खरा, पण त्याबरोबर कापडाचा जीवही जातो.

बुरशी धरते ती नेहमी काचेच्या बाजूला. आपण आत श्वास सोडतो, तो गार काचेवर जाऊन बसतो, काचेला घाम येतो आणि कापड तिला टेकलेलं असतं. सगळे पडदे तसेच निघाले. मागून ठिपके, पुढून स्वच्छ.

एक सोडून. जेवणाच्या टेबलाशी, माझ्या जागेच्या समोर, जो बाक आहे, त्याच्या मागच्या खिडकीचा पडदा. त्याची काचेकडची बाजू कोरी होती. डाग होता तो खोलीकडच्या बाजूला. बशीएवढा, मध्ये गडद, कडांना विरत गेलेला.

मी तो उलटसुलट करून पाहिला. पडदा काढताना मीच उलटा धरला असेल म्हणून अस्तर चाचपलं. मग म्हटलं, किटलीची वाफ असेल. पण चूल बोटीच्या दुसऱ्या टोकाला आहे, आणि वाफ काही चालत येऊन एका जागी तोंड टेकवत नाही. तरी मी किटलीलाच दोष दिला आणि डाग टिपून काढला.

दोन दिवसांनी पडदा परत टांगला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो डाग होता तिथेच पुन्हा उमटला.

३

आमच्या धक्क्याच्या रखवालदाराला सगळे फौजदार म्हणतात, कारण गुन्हा नसतानाही तो चौकशी करतो. सकाळी काठी आपटत सगळ्या बोटींवरून फेरी मारतो. धक्क्यावरच्या लोकांना एक खोड आहे. कोणाच्या काचांना किती घाम आलाय, यावरून ते आत किती माणसं झोपली ते सांगतात. कोणाचा नवरा रुसून भावाकडे गेलाय, कोणाच्या घरी सासू उतरलीय, सगळं काचेवरून. आणि सहसा चुकत नाहीत.

मी डेकवर कपडे वाळत घालत होते. फौजदार थांबला, वाकून खिडक्या बघितल्या.

"काय काकू, लेक आली वाटतं?"

"कुठली येतेय! यायचीय अजून."

"मग पाहुणे कोण?"

"कोणी नाही हो. मी एकटीच."

त्याने पुन्हा बघितलं. "दोघांचा घाम आहे," तो म्हणाला.

"जास्त चहा पिते मी."

तो हसला आणि गेला. मीही हसले. मग खाली जाऊन सगळ्या काचा पुसल्या, दोन्ही झरोके उघडले आणि थंडीत कुडकुडत बसले. एकटं राहणाऱ्या बाईचा श्वास वाढू शकतो का, म्हातारपणी फुप्फुसं गळकी होतात का, असले प्रश्न मी स्वतःला विचारत होते. उत्तर ऐकायचं नसलं की माणूस किती शास्त्रीय होतं!

४

मग एक दिवस जेवताना नजर समोर गेली आणि घास हातातच राहिला.

तो ह्यांचा बाक होता. जेवण झालं की हे तिथे डोकं मागे टेकवून, खिडकीकडे तोंड वळवून डुलकी काढायचे. मी म्हणायचे, पलंग कशाला घेतलाय मग? डाग बरोबर तिथे होता, जिथे ह्यांचं तोंड यायचं.

खरं सांगते, मला आनंद झाला. भीती वाटायला हवी होती हे मला कळत होतं, पण आनंद झाला. वर्षभर मी ताटात एकच वाटी घेत होते, रेडिओ लावून झोपत होते, भाजीवाल्याशी उगाच घासाघीस करत होते, तेवढंच बोलणं व्हावं म्हणून. आणि इथे माझ्यासमोर, माझ्याच शिवलेल्या पडद्यावर, कोणीतरी श्वास घेत होतं.

"अहो," मी म्हटलं. "तुम्ही आहात का?"

ते उत्तर देणाऱ्यातले नव्हतेच कधी. मी चहा केला, दोन कप. एक समोर ठेवला. लेकीबद्दल बोलले, बाळाच्या छातीबद्दल बोलले, फौजदाराची नक्कल करून दाखवली. मग रोजच बोलायला लागले. समोरचा चहा गार व्हायचा, मी तो बेसिनमध्ये ओतायचे आणि म्हणायचे, साखर कमी पडली का?

पडदा धुवायचा मी थांबवला. डाग बशीएवढ्याचा ताटलीएवढा झाला, तरी हात लावला नाही. लेकीने विचारलं की सांगायचे, "वाळले नाहीत अजून. ऊनच नाही गं." बाहेर लख्ख ऊन असायचं.

५

अशीच एक उन्हाची दुपार. सूर्य त्या खिडकीच्या मागे आला होता आणि पडद्याचं कापड आतून उजळलं होतं, धागा न् धागा दिसत होता. मी भाजी निवडत बसले होते. पाणी अगदी स्तब्ध. झरोके बंद.

पडदा आत ओढला गेला.

डागापाशी, तेवढाच. कापडाला फुगवटा आला आणि तो काचेकडे नाही, माझ्याकडे, खोलीकडे होता. जसं कोणी इकडून तोंड लावून हवा ओढतंय. मी पाहत राहिले. मला वाटलं आता सोडेल. श्वास घेतला की सोडायचा असतो. माझ्या हातातली शेंग सोलून झाली, दुसरी झाली. फुगवटा तसाच. मी माझा श्वास कधी धरून ठेवला ते मला कळलं नाही, पण छाती दुखायला लागली आणि शेवटी मला सोडावाच लागला. त्याने सोडला नव्हता.

मग हळूहळू कापड परत गेलं, आणि त्यावर ओल पसरताना मी डोळ्यांनी पाहिली.

ह्यांच्या शेजारी मी उभा जन्म झोपले. ते घोरायचे ते फेरीबोटीच्या इंजिनासारखं, दोन ठोके आणि एक धाप, त्यांनी जन्मभर दुरुस्त केली त्या इंजिनांसारखं. मध्येच थांबले तर मी कोपराने ढोसायचे. तो श्वास मला पाठ होता. शेवटचाही मी ऐकला.

हा ह्यांचा नव्हता. इतका वेळ हवा आत धरून ठेवणारं माणूसच नसतं.

मला सगळ्यात आधी लाज वाटली. भीती नंतर आली. इतके दिवस मी कोणापुढे चहा ठेवत होते? कोणाला घरातल्या गोष्टी सांगत होते? अहो म्हटलं की रस्त्यावरचा कोणीही वळून बघतो. मी बोलावलं होतं आणि कोणाला ते नाव घेऊन सांगितलं नव्हतं.

मी तो पडदा उतरवला आणि जे जन्मात केलं नाही ते केलं. ब्लीचची बाटली आणली आणि ओतली. कापड पांढरंफटक पडलं, शिवण सुटली, माझी सरळ सुंदर शिवण. मी ते बोळा करून कचऱ्यात टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या पलंगाशेजारचा पडदा ओला होता. उशीच्या बरोबर वर. खोलीकडून.

६

मी ताईकडे गेले. तिचं घर टेकडीवर आहे, वरच्या मजल्यावर, दिवसभर ऊन. तिथे पापडसुद्धा सादळत नाही. ताईने मला बघितलं आणि म्हणाली, "काय अवतार केलायस! झोपत नाहीस का?"

"झोपते गं."

"खोटं बोलू नकोस. लहानपणापासून तुझं नाक लाल होतं खोटं बोलताना."

तिने मला खाऊ घातलं, डोक्याला तेल लावलं, बोट विकायची कशी आणि कोणाला, ते सांगितलं. मी सगळ्याला मान डोलावली. तिथे मी मेल्यासारखी झोपले. मनात म्हटलं, सुटले. बोटीतलं बोटीत राहिलं. आता बोट विकायची, लेकीकडे जायचं. लेक पुन्हा कामावर जाणार होती आणि गेले कित्येक दिवस मागे लागली होती: आई, बाळाला तुझ्याशिवाय कोणाकडे ठेवू? या विचाराने मला ताईच्या त्या कोरड्या खोलीत रडू आलं, चांगलं रडू.

सामान आणायला म्हणून बोटीवर परतले. धक्क्यावर फौजदार भेटला.

"काकू, काचा अगदी कोरड्या होत्या हो तुम्ही नसताना. बोट सुकली छान."

मला बरं वाटलं. खाली जाऊन पेटी उघडली, साड्या काढल्या. तेवढ्यात ताईचा फोन.

"अगं ए, माझ्या पाहुण्यांच्या खोलीतल्या पडद्याला काय पुसलंस तू?"

"मी? काही नाही."

"मग हा डाग कसला? चांगला ताटलीएवढा आहे. काळा. ओलाय गं अजून. तुझ्या उशाशी."

मी पेटीच्या कडेवर बसले. ताई विचारत होती, व्हिनेगर लावू का सोडा. मी म्हटलं, "ताई, तो पडदा जाळ." ती म्हणाली, "चक्रम आहेस का?" आणि त्याच वेळी माझ्या पलंगाशेजारचं कापड हळूच खोलीकडे आलं आणि तिथेच थांबलं.

ते माझ्याबरोबर गेलं होतं. माझ्याबरोबरच परत आलं होतं. बोटीचा, पाण्याचा, माझ्या शिवणीचा काही संबंध नव्हता. पडदे बिचारे नुसते दाखवत होते.

७

त्यानंतर मी लेकीला टाळायला लागले. बुरशी जात नाही. पाय दुखतो. बोटीला गिऱ्हाईक यायचंय. ती शहाणी आहे, तिने ऐकून घेतलं, आणि एका गार सकाळी न सांगता धक्क्यावर येऊन उभी राहिली. बरोबर बाबागाडी, तिच्यावर वारा लागू नये म्हणून पारदर्शक प्लास्टिकचं आवरण.

"मी आत येत नाही," तिने खालून ओरडून सांगितलं. "बुरशी राहू दे बुरशीच्या जागी. तू बाहेर ये. गाडी आणलीय, सामान भर आणि चल. आता कारणं नकोत."

मी वरूनच बोलायला हवं होतं. पण ती अशी उभी होती, केस विस्कटलेले, डोळ्यांखाली काळं, माझं पोर. आणि प्लास्टिकच्या आत एक लाल टोपी हलत होती. मी धक्क्यावर उतरले. चुकलंच माझं.

"बघ, कोण आलंय," ती वाकून बाळाला म्हणाली. "आजी! आजी आता आपल्याकडे राहणार." मग प्लास्टिककडे बघून वैतागली. "दिसतच नाही काही. आत सारखी वाफ धरते त्याच्या श्वासाने."

बाळाच्या तोंडासमोर एक गोल धुरकट ठिपका होता. तिने स्वेटरची बाही ओढून तो पुसला.

तो पुसला गेला.

तिच्या लक्षात आलं नाही. तिने बाहेरून पुसलं होतं आणि तो गेला होता. प्लास्टिकच्या पलीकडे नातू टक लावून माझ्याकडे बघत होता, गाल लाल, ओठ अर्धवट उघडे. मग ठिपका पुन्हा उमटायला लागला. बाहेरून. सावकाश, कडेकडेने वाढत, बाळाच्या तोंडाच्या अगदी समोर. आणि मऊ प्लास्टिक थोडंसं बाहेर ओढलं गेलं.

"घे ना त्याला," लेक म्हणाली आणि आवरणाची चेन उघडायला वाकली. "किती दिवस म्हणत होतीस..."

"उघडू नकोस!"

ती दचकली. बाळ दचकलं. मी दोन पावलं मागे सरले, ते माझ्यामागे येईल म्हणून, पण ठिपका तिथेच होता. त्याला नवीन काहीतरी सापडलं होतं. लहान, उबदार, भराभरा श्वास घेणारं.

मला एकच हाक ठाऊक होती जिला त्याने आजवर ओ दिली होती.

"अहो," मी म्हटलं. आवाज जमेल तितका नेहमीचा ठेवला. "चला आता. चहा टाकते."

लेक सरळ उभी राहिली. "आई, कोणाशी बोलतेस?"

"चला ना, अहो. गार होईल. मी एकटी किती वेळ बसू?"

"आई." तिचा चेहरा पांढरा पडला होता. "आई, बाबा गेलेत."

"ते मला तुझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे," मी म्हटलं.

ठिपका कडांकडून आटायला लागला. फार सावकाश. प्लास्टिक सैल पडलं. मग माझ्या मानेवर, डाव्या कानाच्या खाली, गार ओल आली आणि तिथे थांबली. मी हलले नाही.

"घेऊन जा त्याला," मी लेकीला म्हणाले. "मी येणार नाही. आत्ता नाही, कधीच नाही. तूही येऊ नकोस. मला पोरांची कटकट नको या वयात. ताईला विचार, मी आधीपासून अशीच आहे."

माझं नाक लाल झालं असेल. तिला ती खूण माहीत नाही. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली, मी हात पुढे करेन म्हणून वाट बघत. मी हात पदरात घट्ट धरून ठेवले होते. मग तिने बाबागाडी वळवली. चाकं फळ्यांवरून खडखडत गेली आणि बाळाने मागे वळून बघायचा प्रयत्न केला, पण पट्टा बांधलेला होता.

८

लेक माझ्याशी बोलत नाही. जावई भला आहे, अधूनमधून निरोप पाठवतो. काल त्याचा आला: बाळाची छाती मोकळी आहे, रांगायला लागलंय, खोलीत कुठेही ओल नाही. ओलीचं मीच विचारलं होतं.

निरोप मी मनातल्या मनात वाचला, ओठ मिटून. मोठ्याने वाचायची सवय मोडलीय मी. वाचून झाल्यावर पुसून टाकला आणि फोन उताणा न ठेवता पालथा ठेवला.

मग चहा केला. टेबलाशी गेले. बाक अरुंद आहे, एका माणसापुरता, पण त्याला आता मी समोर बसलेलं चालत नाही. मी टोकाला बसले, आणि थोडी सरकून जागा केली.